पात्र कोण?

संस्कृतांत ‘पात्र’ ह्या शब्दाचा मूळचा अर्थ भांडें असा आहे. ज्यांत कांहीं ओतावयाचें तें पात्र. पुढें ज्यास दान द्यावयाचें त्या माणसासही पात्र म्हणूं लागले. आणि देणारा कसा असावा, घेणारा कसा असावा, काय द्यावें व केव्हां द्यावें, ह्याचा आमच्या धर्मशास्त्रकारांनीं पुष्कळ बारीक विचार करून ठेविला. परंतु देणारें शरीर तेंच आणि घेणारें शरीरही तेंच, असा दानाचा एक प्रकार आमच्या काळांत निघाला आहे, व त्याचा विचार जुन्या ग्रंथांत सांपडणें शक्य नव्हतें. गेल्या हिवाळ्यांत डहाणूकडे गेलों असतां हा प्रश्न अकल्पितपणें आमच्यापुढें येऊन उभा राहिला, आणि त्यानें आमच्या मनाची शांति बरेच दिवस घालविली. तो वाचकांपुढें मांडावा, एवढ्याचसाठीं हा लेख.

घोलवडला आमच्या एका जुन्या स्नेह्यांची चिकूची लहानशी वाडी आहे. शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झाल्यापासून ते तेथेंच राहतात. नाताळच्या सुटींत आठ दिवस त्यांच्याकडे जावें, सकाळीं बोर्डीच्या किनाऱ्यावर फिरावें आणि दुपारीं चिकूच्या सावलींत पुस्तक उशाशीं घेऊन पडावें, असा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. ह्या खेपेस आम्ही आल्याचें ऐकून आमची एक जुनी विद्यार्थिनी, जी लग्नानंतर डहाणूसच स्थायिक झाली आहे, भेटावयास आली. बरोबर तिची कन्या होती. मुलगी पंचविशींतली, पदवीधर, बँकेंत नोकरीस. बोलण्यांत चोख आणि अंगानें सडपातळ. चहापाणी झाल्यावर आई म्हणाली, “सर, तुम्ही आम्हांला तर्कशास्त्र शिकवलंत. आता हिला जरा शिकवा.”

हकीकत थोडक्यांत अशी होती. दोन स्थळांकडून नकार आला होता, आणि दोन्ही वेळीं मध्यस्थानें कारण सांगितलें तें एकच: मुलगी छान आहे, पण अंगांत कांहीं नाहीं. तेव्हां मुलीनें आपल्या शिलकेंतून पैसे बाजूस काढले आणि मुंबईस जाऊन रूप सुधारणाऱ्या एका शल्यविशारदाची भेट घेतली. आपल्याच अंगांतील चरबी काढून गालांत, वक्षभागीं व नितंबांत भरून घ्यावी, असें तिच्या मनांत होतें. त्या गृहस्थांनीं तिला तपासून सांगितलें कीं, अंगावर काढण्याजोगी चरबीच नाहीं. पांचसहा किलो वजन वाढवावें आणि मग यावें.

“इतके दिवस लोक म्हणत होते, मी लग्नाला लायक नाही,” ती मुलगी हंसत म्हणाली, “आता डॉक्टर म्हणतात, मी ऑपरेशनलाही लायक नाही.”

ती हंसली, तिची आई हंसली नाहीं. “हे योग्य आहे का, एवढंच सांगा, सर,” असें म्हणून ती आमच्या तोंडाकडे पाहत राहिली.

आम्ही वैद्य नव्हों. ज्या शस्त्रक्रियेची गोष्ट चालली होती तिचें स्वरूप समजून घेतल्यावांचून तिच्या योग्यायोग्यतेविषयीं बोलणें हें न पाहिलेल्या नाटकावर टीका लिहिण्यासारखें झालें असतें. म्हणून आम्हीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली, ओळखीच्या एका डॉक्टरांस विचारलें, आणि मिळालें तें वाचून काढलें.

शरीराच्या एका भागांतील चरबी बारीक नळीनें ओढून घ्यावयाची, ती स्वच्छ करावयाची आणि जेथें खळगा किंवा उणेपणा असेल तेथें थेंबाथेंबानें भरावयाची, हें ह्या शस्त्रक्रियेचें सार होय. कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. १८९३ सालीं जर्मनींतील नॉयबर नांवाच्या शल्यविशारदानें एका रोग्याच्या दंडांतील चरबीचे लहान तुकडे काढून चेहऱ्यावरील व्रणाचा खळगा भरला होता. आणि १८९५ सालीं चेर्नी ह्यानें एका स्त्रीच्या अंगावरील चरबीची गांठ काढून, रोगामुळें कांहीं भाग कापून टाकाव्या लागलेल्या तिच्या स्तनाची पोकळी भरून काढिली होती. १९७० नंतरच्या दशकांत इटलींत व फ्रान्सांत चरबी ओढून काढण्याची युक्ति निघाली, आणि १९९० नंतर अमेरिकेंतील कोलमन ह्यानें ती हलक्या हातानें काढून अगदीं बारीक थेंबांनीं पेरण्याची पद्धत रूढ केली. ‘पेरणें’ हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहों. काढलेल्या चरबीचा रक्तवाहिन्यांशीं असलेला संबंध तुटलेला असतो. नव्या जागीं नव्या वाहिन्या फुटेपर्यंत आजूबाजूनें जें पोषण झिरपेल त्यावरच तिला जगावें लागतें. गोळा मोठा असला तर कडेच्या पेशी जगतात व आंतल्या मरतात. म्हणून पेरलेल्यापैकीं पुष्कळदां निम्मीच काय ती टिकते. कधीं त्याहून कमी, कधीं अधिक.

आमचे स्नेही रायणीच्या खुंटावर चिकूचीं कलमें बांधतात. हें सर्व ऐकून ते म्हणाले, “म्हणजे कलमच की हे! पण मग ज्या झाडाची काडी घ्यायची, त्या झाडात काडी द्यायचा जोर हवा.” शास्त्रीय निबंधांतील लांबलचक विवेचन त्यांनीं एका वाक्यांत आटोपलें.

कृश मनुष्याची अडचण नेमकी हीच आहे. गालाचा खळगा किंवा एखादा व्रण भरावयाचा असेल तर थोडी चरबी पुरते, आणि तेवढी पुष्कळ सडपातळ माणसांच्याही अंगांत निघते. परंतु वक्ष किंवा नितंब भरावयाचे म्हणजे शेंकडों मिलिलिटरची गोष्ट. ती मिळविण्यासाठीं पोट, मांड्या, पाठ अशा अनेक जागीं नळी फिरवावी लागते. आणि जेथें मुळांतच थर पातळ आहे तेथून ओढून घेतल्यास कातडी उंचसखल होण्याची भीति असते. एक उणें झांकावयास जावें आणि चार ठिकाणीं नवें उणें उत्पन्न व्हावें, असा हा व्यवहार. बरें, वजन वाढवून चरबी मिळविली तरी तेथें गोष्ट संपत नाहीं. पेशींनीं जागा बदलली तरी स्वभाव बदलत नाहीं. अंग वाळलें कीं त्याही वाळतात. म्हणजे शस्त्रक्रियेसाठीं वाढविलेलें वजन पुढेंही सांभाळावें लागणार. नितंबांच्या बाबतींत तर धोका जिवाचा आहे. स्नायूंत शिरलेली चरबी तेथील मोठ्या शिरांतून फुप्फुसांत जाऊन रोगी दगावल्याचीं उदाहरणें घडलीं, तेव्हां २०१८ सालीं निरनिराळ्या देशांतील शल्यविशारदांच्या संस्थांनीं मिळून इशारा दिला कीं, ह्या शस्त्रक्रियेंतील मृत्यूचें प्रमाण ३,००० त एक इतकें असूं शकतें. पुढें चरबी कातडीखालच्या थरांतच भरण्याचा दंडक घातल्यावर हें प्रमाण घटल्याचें दिसून आलें. तथापि निरोगी माणसानें केवळ रूपासाठीं पत्करावा असा हा धोका लहान नव्हे.

तेव्हां वैद्यकापुरतें उत्तर सरळ आहे. कृशता हा स्वतः होऊन अपात्रतेचा दोष नाहीं. थोडक्या कामास कृश मनुष्य पात्र आहे, मोठ्या कामास बहुधा नाहीं. मुलीस परत पाठविणारे शल्यविशारद निदान खोटें बोलले नाहींत. त्यांच्या सल्ल्यांत थोडा विनोद मात्र आहे. पांचसहा किलो वजन वाढलें तर कदाचित् गाल आपोआपच भरतील व शस्त्रक्रियेचें कारणच उरणार नाहीं. अर्थात् शरीर आपली चरबी कोठें ठेवील हें मालकास विचारून ठरवीत नाहीं.

परंतु आईचा प्रश्न वैद्यकाचा नव्हता. ‘होईल काय?’ असें तिनें विचारलें नव्हतें. ‘योग्य आहे काय?’ असें विचारलें होतें.

ह्या प्रश्नाचीं दोन सोपीं उत्तरें आहेत, आणि तीं दोन्ही आमच्या जिभेवर आलीं होतीं. पहिलें असें कीं, देवानें दिलेलें शरीर आहे तसें ठेवावें. त्यांत ढवळाढवळ करणें हा अहंकार होय. महाराष्ट्रांतील मनुष्यानें तरी हें उत्तर देऊं नये. कावसजी नांवाचा एक मराठी शेतकरी १७९२ च्या लढाईंत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या कैदेंत सांपडला व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ, वीटकाम करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक करून दिलें. १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ ह्या मासिकांत त्याची हकीकत चित्रासह छापून आली, आणि १८१४ सालीं कार्प्यू नांवाच्या डॉक्टरानें लंडनांत तसाच प्रयोग केला. आधुनिक रूपशल्याच्या विद्येचा एक झरा असा पुण्याच्या मातींतून निघालेला आहे. तेथेंही देणारें व घेणारें शरीर एकच होतें. कावसजीस नाकावांचून जेवतां येत होतें, चालतां येत होतें. चारचौघांत तोंड दाखवितां येत नव्हतें, इतकेंच. त्यानें नाक करून घेतलें ह्यास अहंकार कोण म्हणेल?

दुसरें सोपें उत्तर आजच्या काळाचें आहे. शरीर तिचें, पैसा तिचा, इच्छा तिची. मध्यें बोलणारे तुम्ही कोण? शरीर व पैसा तिचा हें आम्हांस मान्यच आहे. शंका आहे ती इच्छेविषयीं. म्हणून आम्हीं तिला एक कसोटी घातली. “समज, तू एका बेटावर एकटीच राहतेस. आरसा आहे, पण पाहणारं कोणी नाही. मग हे ऑपरेशन करावंसं वाटेल का?” ती क्षणभर थांबून म्हणाली, “सर, बेटावर मी केससुद्धा विंचरणार नाही. आणि तुम्ही तरी तिथं लेख लिहाल का?”

आमची कसोटी जागच्या जागीं कोसळली. मनुष्याची भाषा, वस्त्र, लाज, कीर्ति हीं सारीं दुसऱ्यांमुळेंच आहेत. बेटावर कावसजीही नाकावांचून सुखानें राहिला असता. इच्छा दुसऱ्यांच्या नजरेंतून उगवली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं.

मग ह्या दोन गोष्टींत फरक कोठें आहे? आम्हांस तो असा दिसतो. कावसजीला ज्यांच्यांत परत जावयाचें होतें त्यांनीं त्याचें नाक कापलें नव्हतें. घाव शत्रूचा होता. उपाय आपल्या माणसांत परतण्याचा होता. ह्या मुलीच्या बाबतींत घाव घालणारे आणि मागाहून तिचें कौतुक करणारे एकच आहेत. उणें आहे असें ठरविलें त्यांनीं; तें भरून काढण्याचा खर्च, वेदना आणि धोका मात्र तिनें सोसावयाचा. शिवाय नाक एकदां झालें म्हणजे झालें. येथें माप ठरविणारे तें माप उद्यां बदलण्यास मोकळे आहेत. आमच्या आजीच्या काळीं अंगानें भरलेली सून घरच्या सुबत्तेची खूण समजत. पुढें बारीक असणें हें शिक्षणाचें व टापटिपीचें लक्षण झालें. आजची मागणी अशी कीं, कंबर बारीक असावी आणि तिच्या वर व खालीं भरगच्च असावें. म्हणजे एकाच अंगांत दुष्काळही हवा आणि सुकाळही हवा. आमची भाषाच पाहा. शेलाटी, सडपातळ, नाजूक हे शब्द स्तुतीचे. हडकुळी, काटकुळी, लुकडी हे निंदेचे. दोहोंतील अंतर बहुधा दोन किलोंचें असतें, आणि कित्येकदां तेवढेंही नसतें. तें बोलणाऱ्याच्या मर्जींत असतें.

दुसऱ्या दिवशीं आमचे स्नेही एका अंगणवाडीस पुस्तकें देण्याकरितां तलासरीकडे जाणार होते. मुलीस सुटी होती, म्हणून तीही आमच्याबरोबर आली. तेथें सेविका लहान मुलांच्या दंडांस एक पट्टी लावून पाहत होती. पट्टीवर हिरवा, पिवळा व लाल असे तीन रंग. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आंत आला कीं तो लाल रंगांत जातो, आणि त्या मुलाचें कुपोषण तीव्र समजलें जातें. २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें, ह्या देशांत १५ ते ४९ वर्षांच्या १०० स्त्रियांमागें सुमारें १९ स्त्रिया प्रमाणाबाहेर कृश आणि २४ स्त्रिया प्रमाणाबाहेर स्थूल होत्या. ह्या आंकड्यांचा अर्थ कागदावर कळतो त्याहून त्या पट्टीपाशीं अधिक कळला. आम्ही मुलीकडे पाहून जरा गंभीरपणें म्हणालों, “पाहिलंस?”

“पाहिलं, सर,” ती म्हणाली. “पण मी ऑपरेशन केलं नाही, म्हणून ह्या पोराचा दंड एका सुताएवढा तरी वाढेल का?”

ह्यासही आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. एकाच्या भुकेचा उपयोग दुसऱ्यास लाजविण्यासाठीं करावयाचा, हा आम्हां सुशिक्षितांचा जुना स्वभाव आहे. त्यानें भुकेल्यास घांस मिळत नाहीं. बोलणाऱ्यास मात्र पुण्य केल्याचें समाधान मिळतें. आम्ही खजील झालों.

तथापि त्या पट्टीनें आम्हांस एक गोष्ट शिकविली. अंगणवाडींत कृश दंड दिसला तर तो इतरांवरचा दावा ठरतो. बाहेरून कांहींतरी आणून ह्या अंगांत घातलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें असतें, आणि निदान तत्त्वतः तें सरकारनें व समाजानें मान्य केलें आहे. आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांस रोज एक पूर्ण जेवण देण्याची योजना २०१५ सालीं निघाली ती ह्याच न्यायानें. हा दावाही फुकट मान्य झालेला नाहीं. ह्याच तालुक्यांतील झरी गांवीं १९४५ च्या मे महिन्यांत हजारों वारली जमले आणि वेठीस नकार देऊन उभे राहिले, हें विसरतां येत नाहीं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र कृश अंगाकडे पाहण्याची रीत नेमकी उलट आहे. तेथें बाहेरून कांहींच यावयाचें नसतें. तुझें उणें तूंच तुझ्यांतून भरून काढ, असा हुकूम असतो. आणि तें करतांना पेरलेल्यांतील पुष्कळदां निम्में वायां जावयाचें असतें. दुबळ्याच्या एका अंगांतून काढून दुसरें अंग सजविण्याची ही रीत केवळ वैद्यकांतच आहे असेंही नाहीं. सूर्या नदीवरचें धरण ह्या आदिवासी तालुक्यांच्या सिंचनासाठीं म्हणून योजिलें होतें. पुढें त्याचें पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदर ह्या शहरांकडे वळलें. शहरांस तहान नसते असें आम्ही म्हणत नाहीं. पण देणारा कोण व घेणारा कोण हें आधीं पाहावें, हा धर्मशास्त्रकारांचा आग्रह किती योग्य होता हें अशा वेळीं कळतें.

परत येतांना एका घराच्या भिंतीवर वारली चित्र दिसलें. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे, ज्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली आणि जे २०१८ सालीं वारले, त्यांनीं ही कला जगभर नेली. त्या चित्रांतील माणूस म्हणजे टोंकास टोंक लावलेले दोन त्रिकोण. त्याहून बारीक कंबर कोणत्या शल्यविशारदास साधणार? पण त्या चित्रांपुढें उभें राहून हा मनुष्य जाड कीं बारीक असें कोणी विचारीत नाहीं. तो नाचतो आहे, पेरतो आहे कीं छप्पर शाकारतो आहे, हें पाहतों. चित्रांतली कृशता ही कलेची रीत आहे आणि घरांतली कृशता पुष्कळदां टंचाईची खूण आहे, हें आम्ही विसरत नाहीं. तरीही माणसाकडे प्रथम तो काय करतो ह्या नजरेनें पाहतां येतें, एवढें त्या भिंतीनें दाखविलें.

हा लेख येथेंच संपविणें आमच्या सोईचें होतें. पण एक गोष्ट सांगितल्यावांचून तो प्रामाणिक होणार नाहीं. चार वर्षांपूर्वीं आमच्या चिरंजिवांसाठीं आम्ही एक मुलगी पाहावयास गेलों होतों. मुलगी हुशार होती, नम्र होती. तिनें स्वतः केलेले पोहे आम्हीं दोनदां मागून घेतले. जिना उतरतांना मध्यस्थानें विचारलें, तेव्हां आम्ही म्हणालों, “सगळं चांगलं आहे, अंगानं मात्र जरा किरकोळ वाटते.” तें लग्न जमलें नाहीं, आणि आम्ही तें वाक्य विसरूनही गेलों. तें आठवलें घोलवडच्या ओट्यावर, जेव्हां दुसऱ्याच एका आईनें तसलेंच वाक्य आम्हांस ऐकविलें. आमचें वाक्य मध्यस्थानें त्या घरीं पोंचविलें असेलच. तें ऐकून ती मुलगी आरशापुढें किती वेळ उभी राहिली असेल, आणि पुढें तिनें काय केलें असेल, हें आम्हांस कधींही कळणार नाहीं. एक जिना उतरावयास जितका वेळ लागतो तेवढ्यांत आम्हीं तिचें माप ठरविलें होतें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं मायलेकींस आम्हीं आमचें उत्तर सांगितलें. मुलीस सांगितलें कीं, ही शस्त्रक्रिया करणें हें पाप नव्हे, आणि न करणें हें पुण्य नव्हे. पण जेव्हां कोणतेंही स्थळ समोर नसेल, कोणाचाही नकार ताजा नसेल, तेव्हां शांतपणें ठरव. त्या वेळींही इच्छा तशीच राहिली तर ती तुझी समजावयास हरकत नाहीं. मग थोडक्यांत भागेल तेवढेंच कर. आणि ज्यास ‘नाहीं’ म्हणतां येतें अशाच शल्यविशारदाकडे जा. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मागणीस होकार देणारा तो व्यापारी. वैद्याची पात्रता त्याच्या नकारांत आहे. आईस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, मुलीस शिकविण्यासारखें आमच्यापाशीं फारसें नव्हतें. शिकण्यासारखें मात्र निघालें.

पाडव्यास मुलीचें पत्र आलें. शस्त्रक्रियेचें अजून कांहीं ठरविलें नाहीं, असें तिनें लिहिलें आहे. वजन एक किलो वाढलें आहे; त्याचें श्रेय ती आईच्या तुपास देते. आणि स्थळांकडे पाठवावयाच्या माहितीच्या कागदांतून उंचीपुढचा वजनाचा रकाना आईनें आपल्या हातानें खोडून टाकला आहे. आमच्या घरींही असे जुने कागद एका कपाटांत पडून होते. आम्ही ते काढून पाहिले. प्रत्येकावर तो रकाना होता, आणि त्यापुढें आमच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.